पंपातली सकाळ

"आता उघडावाच लागेल," पंप दुरुस्त करायला आलेल्या शमाताई त्याला कान लावून म्हणाल्या. "सील झिजलेत. बदलायचे तर आधी ऊब द्यायची, आणि ऊब दिली की आत गोठलेली हवा सुटणार. ती पुन्हा नाही हो सापडायची."

"तसाच ठेवला तर?" मंजुळेने विचारलं.

"महिन्याभरात आपणच गळेल. घरात कुणी नसतानासुद्धा."

मंजुळेने वडिलांकडे, अण्णांकडे पाहिलं. लोक अशा पंपात लग्नाची, बारशाची हवा वासासकट गोठवून जपून ठेवत. यांच्या पंपात आईच्या स्वयंपाकघरातली एक सकाळ होती. मंजुळा रांगायला लागायच्या आत आई गेली. आईचं एवढंच काय ते उरलेलं.

अण्णांनी खिडक्या लावून घेतल्या. "उघडा. कळू दे हिला, सुगरण कशी असते ते!"

पंप हळूहळू कोमट झाला. आधी नुसतीच हवा फुसफुसत आली. मंजुळेचा चेहरा पडला.

"थांब गं पोरी," शमाताई म्हणाल्या. "आतल्या कोळशाला वास घट्ट धरून बसतो. तो शेवटी सुटतो."

आणि तो सुटला. करपलेला लसूण, उतू गेलेलं दूध, आणि त्यामागून न्हालेल्या केसांची शिकेकाई.

"अण्णा, हे तर जळलंय!"

अण्णांचे डोळे भरले होते, तरी ते हसले. "रोजच जळायचं. गाणं म्हणायला लागली की फोडणीकडं लक्ष कुठं असायचं तिचं!"

"कुठलं गाणं?" मंजुळेने विचारलं. अण्णांनी नेहमी सांगितलेल्या त्या सुगरण आईबद्दल विचारावं असं तिला आजवर काही सुचलंच नव्हतं.