मेहुण्याचे विमान

सांताक्रूझला सारे जग उतरते, असे रमाकांत कर्णिक कचेरीत छाती फुगवून सांगत असे. लंडन, कैरो, टोकियो, सगळी विमाने आपल्या मुंबईत थांबतात. म्हणून तर दिल्लीवाल्यांचा तिच्यावर डोळा. स्वतः त्याने हा विमानतळ आज पहिल्यांदाच पाहिला. हातात झेंडूचा हार होता आणि कोटाखाली, पोटाला गुंडाळलेला, बायकोचा काळा परकर.

संयुक्त महाराष्ट्रासाठी परळला निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ जयवंत सापडला. मोर्च्यात नव्हता, दूध आणायला गेला होता. पाय मांडीपासून कापावा लागला. त्यावर दिल्लीचे एक मंत्री म्हणाले, गोळ्या फक्त गुंडांनाच लागल्या. तेच मंत्री आज उतरणार होते. त्यांच्या तोंडासमोर काळे निशाण धरून रमाकांतला भावाचे नाव ओरडायचे होते. मग नोकरी गेली तरी चालेल.

निदर्शकांना पोलीस मैलभर आधीच अडवत होते. परदेशाहून येणाऱ्यांच्या नातेवाइकांना तेवढे सोडत.

“कोण येतंय?” हवालदाराने विचारले.

“मेहुणा. बॅरिस्टर होऊन, लंडनहून.”

“जा. आज लंडन रिकामं होणार वाटतं.”

कठड्याशी माणसेच माणसे. हार, गुच्छ, पेढ्यांचे पुडे. रमाकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी एक बाई पेढ्यांचा पुडा छातीशी धरून कोपराने जागा करत होत्या.

“भाचा येतोय माझा. सरका की जरा.”

“परळला माणसं मेली, बाई, आणि तुम्हाला पेढे सुचतात?”

“मग तुमच्या हातातला हार काय तिरडीवर घालायचाय?”

रमाकांतने दातओठ खाल्ले. इथे भांडण काढून चालणार नव्हते.

दिल्लीचे विमान आले. मंत्री शिडीवर दिसले. एवढे हार पाहून ते खुलले आणि त्यांनी हात जोडले. रमाकांतने परकर ओढून काढला, दोन्ही हातांनी उंच धरला.

“जयवंत कर्णिक! गुंड नाही, दूध आणायला गेला होता तो!”

आता हे पेढेवाले आपल्याला तुडवणार, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. बरगडीत कोपर बसलेच.

“हात खाली घ्या हो!” बाई करवादल्या. “माझं निशाण दिसत नाहीये त्यांना!”

त्याने डोळे उघडले. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला होता.

लंडनचे विमान वेळेवर आले. त्यातल्या एकालाही घ्यायला कुणी आले नव्हते.