टाकीची तोटी

क्षमेला काही खर्च येत नाही, असं सॅम्युएल साळवे सरांचं ठाम मत होतं. पवित्र गुरुवारच्या दुपारी या मताची परीक्षा झाली.

उमापूरबाहेरच्या माळावर शेरडं चारणाऱ्यांसाठी गेवराईच्या ख्रिस्ती मंडळीने एक काळी टाकी बसवली होती. दर सोमवारी टँकर येऊन ती भरून जाई. मागच्या आठवड्यात तिची पितळी तोटी गेली. कोणी नेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गावातल्या त्रिंबकने 'मीच नेली' असं स्वतःच सांगितलं होतं. भोकात आता चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता.

निवृत्त मुख्याध्यापक असलेले साळवे सर घमेलं, साबण आणि नवा टॉवेल घेऊन आले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे ते आज त्रिंबकचे धुणार होते. सोबत आलेल्या मंडळीच्या स्वयंसेवकांनी त्रिंबकला खुर्चीवर बसवलं. एक जण खुर्चीवर लक्ष ठेवून राहिला.

"सर, तुमी वडीलधारे. मला पाप लागंल," त्रिंबकने पाय वर ओढले.

"पापाचं आज मिटवूनच टाकू."

"आमच्यात जावयाचे पाय धुतेत. मागून आहेर बी करतेत."

"मंग पोरगी बी द्या त्याला," टाकीच्या सावलीत बसलेली भिवराबाई म्हणाली. तिची शेरडं भोवती धापा टाकत होती. "सर, आदी तोटी मागा त्याला. टाकी निम्म्याच्या खाली गेली. सोमवारपत्तुर ह्याच पान्यावर माजी शेरडं जगवायचीत."

क्षमेला अट घालता येत नाही, सरांनी समजावलं. अट घातली की तो व्यवहार होतो.

"आवो, पर पानी माज्या शेरडांचं गेलं. माफी तुमी कावून देता?"

प्रश्न सरांना आवडला. यावर रविवारी सविस्तर बोलू, असं ते म्हणाले.

"बोळ्याला हात लावू नका, वरून बादलीनं घ्या," असं भिवराबाई ओरडेपर्यंत सरांनी बोळा उपसला होता. घमेलं भरलं. बोळा परत लावायचं काम एका स्वयंसेवकाकडे देऊन सर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी सर्वांना डोळे मिटायला सांगितलं. स्वयंसेवकानेही मिटले.

भिवराबाईने धावत जाऊन त्याच्या हातातला बोळा घेतला. धारेने बोळा आत जाऊ दिला नाही. तो लांब उडाला आणि एका शेळीने उचलला. भिवराबाईने भोकावर तळहात दाबला. पाणी बोटांतून निघून कोपरावरून लुगड्यावर वाहू लागलं.

"आमेन म्हना की लवकर!"

सर आमेनची घाई करणारे नव्हते. त्यांनी त्रिंबकचा एक पाय धुतला, मग दुसरा, मग बोटांच्या बेचक्या.

"टॉवेल तरी द्या हिकडं!"

टॉवेल पाय पुसायला लागणार होता.

"त्रिंबक्या, तोटी घरीच हाय ना?"

"हाय की."

"मंग आन पळत!"

त्रिंबकने डोळे उघडले. ते खरोखरच ओले झाले होते.

"आता कशाची तोटी, मावशी? सरांनी मिटवलं न्हवं का."

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना थोडी वाढवली.

आमेन झालं तेव्हा शेरडं चिखलात तोंडं घालून उभी होती. चौघे जण बोळा शोधायला धावले. शेळीने तो बराचसा खाल्ला होता. भिवराबाईने भोकावरचा हात काढला. काही आलं नाही.

खुर्ची जीपमध्ये चढवली गेली. त्रिंबक चिखलाला वळसा घालून घरी गेला. त्याचे पाय स्वच्छ होते.