माखाचा शाप

"नववा लागलाय हिला, तरी मोदक विकतचे नाहीत!" आखातातल्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये गणपतीला जमलेल्या मित्रांसमोर अमेयची फुशारकी चालली होती.

आत मोदक वळता वळता नमिताच्या पोटात कळ आली. "अमेय, बसू दे रे जरा."

"एवढा घाणा होऊ दे, मग बस!" तो हॉलमधूनच ओरडला. मित्र खो खो हसले.

लेक रेवा ओट्याला टेकून शाळेतल्या आयरिश टीचरने सांगितलेली गोष्ट ऐकवत होती. "नवऱ्याने बढाई मारली म्हणून राजाने माखा देवीला घोड्यांबरोबर पळायला लावलं. तिच्या पोटात बेबी होतं. ती थांबा म्हणाली, कुणी ऐकलंच नाही. मग तिने सगळ्या पुरुषांना कर्स दिला."

"कसला गं?"



नमिताची कळ एकदम थांबली. हॉलमधून आधी अमेयची किंकाळी आली, मग एकेका मित्राची.