फटफटीचा मुऱ्हाळी

“काढताल तशे पुर्जे एका ओळीत मांडा, पाटील. बसवताना उलटीकडून, आखरीचा सगळ्यात पहिला. ओळ मोडली की समजा फटफटी गेली.”

जुन्या जालन्याच्या निजामोद्दीन मिस्त्रीचं हे सांगणं रामरावाला शब्दन् शब्द आठवत होतं. उपयोग काहीच नव्हता. ओळ अवसेलाच मोडली होती, आणि मिस्त्री गेला होता हैदराबादेला.

मोडली होती रामरावाच्या बायकोनं, तीही मोठ्या भक्तीनं. दिव्याची अवस म्हणून दुर्गाबाई घरातल्या समया, निरांजनं चिंच-राखेनं घासत बसली होती. ओसरीवर गोणपाटावर रामरावानं खोलून ओळीनं मांडलेले फटफटीचे काळेकुट्ट पुर्जे तिला दिसले. तिनं तेही घासले, पुसले, पाटावर मोठ्यापासून बारक्यापर्यंत नीट मांडले आणि एकेकाला हळदकुंकू लावलं. शेतातून परतलेला रामराव त्या पाटासमोर डोकं धरून बसला तेव्हा तिला वाटलं, ऊन लागलं असेल.

आज चौथ. फटफटी अंगणात उभी होती. ज्या साहेबाकडून ती घेतली, तो तिच्यावरून मुलूखभर फिरायचा म्हणे; पण त्याच्या वेळीही ती इतकी चमकली नसेल. बाजूचा बसायचा डबा धुऊन त्यात गादीसुद्धा घातलेली. रामरावानं पहाटे सगळं पुन्हा उघडून पुन्हा जोडलं होतं, आणि पाटावर पुन्हा एक बारीक स्प्रिंग उरली होती.

त्यानं किक मारली. फटफटी खोकली आणि गप्प झाली.

“दिवे अन् पुर्जे तुला सारखेच दिसले का?”

“काळे होते,” दुर्गाबाई हळूच म्हणाली. “अन् अवस होती.”

“मंग आता सांग, ही कुठली.” त्यानं स्प्रिंग तिच्या डोळ्यांपुढं धरली.

तिनं ती मनापासून निरखली. “ही मी शेवटी ठिवली होती. सगळ्यात बारकी म्हणून.”

रामरावानं पान्हा जमिनीवर आपटला.

कुंपणावरून शेजारचा कचरू डोकावला. “नवरीवानी सजली की, पाटील. पन जागची हलंना.”

“तुझं काम बघ.”

“ते बघतोच. धावड्याला सांगावा धाडू का? मुऱ्हाळी दुरुस्त होऊन राह्यला म्हणून?”

रामरावानं पुन्हा पान्हा उचलला. धावड्याला सासरी त्याची धाकटी बहीण सोनूबाई वाट बघत होती. लग्नानंतरची तिची ही पहिली नागपंचमी. मुऱ्हाळी, म्हणजे माहेरचं माणूस, न्यायला आल्याशिवाय सासू पाठवणार नव्हती, आणि उद्या पंचमीला गाडी जुंपायची नसते, म्हणजे जे व्हायचं ते आजच. त्यात चौथीचा उपास बहिणी धरतात तो भावासाठी. सोनूबाईच्या पोटात सकाळपासून काही नसणार, आणि ज्याच्यासाठी नाही, तो इथं कोपरापर्यंत तेलात बुडालेला.

“कडूबाला बैल जुंपाया सांगू का?” दुर्गाबाईनं विचारलं.

“बिलकुल न्हाई. साऱ्या धावड्यात तिनं सांगून ठिवलंय, माझा भाऊ फटफटीवर येनार. आता बैलं घेऊन गेलो तर काय तोंड दाखवू? होती सुरू. घंटाभरात होती.”

अवसेपासून तोच घंटा चालू होता.

दुर्गाबाईनं पाण्याचा तांब्या उचलला. वैशाखात सासरी जाताना सोनूबाई तिच्या गळ्यात पडून हटायला तयार नव्हती. “पंचमीला आणते तुला,” असं दुर्गाबाईच म्हणाली होती. फटफटीवर, हे रामरावानं मागून जोडलं होतं.

तिनं रोजचा नेम केला. तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या. तिचाही उपास होताच, स्वतःच्या भावासाठी. तुळशीपाशी क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, तेवढ्यात पाठीमागं किक, खोकला, पुन्हा किक. डोळे उघडून ती घरात गेली, सणाचं लुगडं नेसली आणि परसातून गोठ्याकडं आली.

सालगडी कडूबा बैलांपुढं कडबा टाकत होता. तिला नटलेली बघून तो उभाच राहिला.

“गाडी जुंप. धावड्याला जायचंय.”

“मालकाला इचारलं का, वैनी?”

“ते कामात हायेत.”

“पन मुऱ्हाळी म्हणून भावजय?” कडूबानं डोकं खाजवलं. “असं कुठं बघितलं न्हाई. सासू काय म्हनंल तिची?”

“म्हणू दे. ती बोलंल तवा सोनूबाई गाडीत बसलेली आसंल.”

कडूबा हसला. त्यानं गाडीत गोधडी अंथरली, बैल जुंपले, आणि सणासुदीच्या घुंगरमाळा खुंटीवरून काढून हौसेनं त्यांच्या गळ्यात बांधल्या. बैलांनी माना हलवल्या. सारा गोठा खणखणला.

दुर्गाबाई पुढं झाली. तिनं एका बैलाची माळ सोडली, मग दुसऱ्याची. वाजू नयेत म्हणून दोन्ही मुठीत आवळून धरल्या आणि गोधडीच्या घडीत गुंडाळून ठेवल्या.

“पहिल्या पंचमीला न्याया चाललो, अन् मुकी गाडी?” कडूबा म्हणाला.

पुढच्या अंगणात किक बसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पान्हा आपटल्याचा.

“येताना बांधू,” दुर्गाबाई म्हणाली. “सोनूबाई बसली म्हंजे.” आणि लुगड्याचा काठ सावरत ती गाडीत चढली.