दुय्यम माहिती

एकटेपणावरच्या प्रकल्पासाठी ऋजुता मुलाखत घ्यायला आली, तेव्हा भिंतीवरची स्पीकरची डबीच आधी बोलली, “बसा, मीच देतो उत्तरं.”

“जिवंतपणीही असेच मध्ये बोलायचे,” शकूमावशी हसल्या. वारलेल्या नवऱ्याच्या फोनवरच्या साठवलेल्या गप्पांवरून मुलाने हा आवाज कालच बनवून बसवला होता.

“सर म्हणतात, डबीचं उत्तर ही दुय्यम माहिती. मला प्राथमिक हवी, तुमच्या तोंडून. एकटं वाटतं, मावशी?”

“आता कशाला वाटेल?” मावशी डबीकडे वळल्या. “अहो, ओळखलंत ना मला?”

“या, बसा ना. आपलं नाव?” डबीने विचारलं.

मावशी ऋजुताकडे वळल्या.

“आम्ही एकमेकांना कधी फोन केलाच नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “घरातच तर असायचो दोघं.”