खिळ्याचा वाटा

"ऐक पोरा. घंटा वाजली, की मडकं?"

म्हाताऱ्या लोहाराचा, अमेवूबाबाचा, हा आवाज अग्बेकोच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. आज बाबा अंगणात लाल-काळं वस्त्र पांघरून शेवटचा निजला होता. अग्बेकोच्या हातात बाबानं दिलेला खिळा होता आणि मांडीवर धाकट्या डोत्सेनं केलेली बंदुकीची नळी. पहाट नुकती फुटत होती. त्यानं नळीवर खिळा वाजवला.

मडकं.

जरा खाली वाजवला. पुन्हा मडकंच. तडकलेल्या मडक्याचा असतो तसा बसका, ओलसर नाद.

लोहारानं आपली नळी आपण पारखायची नाही, असा त्या आळीचा नेम. आपलं लेकरू कुणाला कुरूप दिसत नाही. पारख दुसऱ्यानं करायची. नाद घंटेसारखा चोख असला तर मुकाट नळी परत द्यायची. खोट असली तरच तोंड उघडायचं, आणि तेही एकाच शब्दापुरतं. लोखंडाच्या देवाची, गूची, तशी शपथच होती.

बाबाच्या आज्याच्या काळी गोऱ्या साहेबानं या बंदुका बंद केल्या, तेव्हा त्या छपराच्या गवतात जाऊन निजल्या. पुढं पोलीस यायचे, भाता फाडून जायचे, लोहार पुन्हा भाता शिवायचे. तेव्हा नळ्या घडवायचे तरी. आता पाण्याच्या योजनेतले उरलेसुरले पाइप. पाण्यासाठी जन्मलेल्या पोटात आग किती दिवस राहणार? गेल्या साली त्सात्सूनं रानउंदरावर बार काढला आणि बंदूक मागून फुटली. उंदीर पळाला. त्सात्सू आता दोन बोटांनी जेवतो आणि एका डोळ्यानं रडतो.

हे सगळं अग्बेकोला ठाऊक होतं. तरी त्याचं तोंड उघडेना.

बारा वर्षांपूर्वी अशीच एक नळी बार काढून तपासताना डोत्सेच्या अगदी कानाशी फुटली होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आळीनं गूला कोंबडा दिला. त्याच महिन्यात बाबानं वाटणी केली. हातोडा डोत्सेला, खिळा अग्बेकोला.

हातोडा म्हणजे भट्टी, ऐरण, नाव. खिळा म्हणजे खिळा. डोत्से वयानं लहान. दोघांनी एका परातीतून भेंडीचं कालवण ओरपलेलं. पण हातोडा मिळाला आणि डोत्सेची मान ताठ झाली. मागून हाक मारली तर वळायचा नाही. रामप्रहरी कुणी ख्यालीखुशाली विचारली, तर उत्तर त्याची बायको अकोफा द्यायची, त्याच्या दंडावर हात ठेवून.

"राजाशी थेट बोलायचं नसतं, बाबांनो," अग्बेको ताडीच्या गुत्त्यावर म्हणायचा. "राजाची जीभ त्याच्यासोबत फिरते. तिला सांगा, ती राजाला सांगेल!"

सगळे हसायचे. डोत्सेही हसायचा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. हे तर अग्बेकोला फारच झोंबायचं.

"दादा, झालं?"

डोत्से दारात उभा होता. रडून डोळे सुजलेले. तीन दिवस भट्टीपाशी बसून त्यानं ही नळी केली होती. लोहाराच्या मयताला पहिला बार वारसानं काढायचा, तोही नव्या बंदुकीनं. तो अग्बेकोच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. ही त्याची जुनी खोड.

अग्बेकोनं ओठ मिटले. नळी पुसली आणि मुकाट त्याच्या हातात दिली.

फुटू दे, त्याच्या मनात आलं. साऱ्या गावादेखत याचं नाव फुटू दे. फक्त नाव.

दुपारी ढोल थांबले. पहिल्या बाराआधी सारं गाव गप्प होतं. बायका बाबाच्या उशाशी होत्या, अकोफाही. डोत्से वीस पावलं पुढं, गावाकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला.

त्या शांततेत अग्बेकोला भात्याच्या तालावरची बाबाची गुणगुण ऐकू आली.

*लाल लोखंडाला लाख रूपं,*
*निवल्या लोखंडाचं खरं सोपं.*

त्याला डोत्सेचा गाल दिसला. एकाच परातीत वाकलेला, कालवण माखलेला, पोरवयातला.

"डोत्से! थांब!"

सारं गाव वळलं. कुंपणावरची शेळी वळली. डोत्से वळला नाही.

"अरे थांब, डोत्से!"

"ओरडून काय उपयोग, भावजी!" अकोफा किंचाळली. "बारा वर्षं झाली, त्याला ऐकू येत नाही! पळा!"

अग्बेको पळाला. वीस पावलांत बारा वर्षं उलगडली. न वळणारी मान. मागाहून येणारं हसू. ओठांवर खिळलेली नजर. बाबानं बहिऱ्याला हातोडा दिला होता, आणि त्याचा जीव ज्याच्या कानांवर सोपवला होता, त्याला खिळा.

त्यानं नळी धरून खाली दाबली. डोत्से दचकला, संतापला आणि मग, सवयीनं, त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

अग्बेकोनं दोन्ही तळव्यांत त्याचा चेहरा धरला. लहान लेकराला घास भरवताना आई तोंड उघडते, तसं त्यानं सावकाश तोंड उघडलं.

"मडकं," तो म्हणाला. "पहाटेपासून मडकंच."