बावीस उजवे गुडघे

बावीस माणसं पाय पसरून पुढे वाकली होती आणि बावीसच्या बावीस उजवे गुडघे जमिनीपासून वीतभर वर होते. शंकरप्पा मास्तरांनी पुन्हा एकदा मोजले.

सोलापुरातल्या गिरणीच्या माणसांना ते अठरा वर्षं योगासनं शिकवत होते. सकाळी भोंग्याआधी मठाच्या अंगणात वर्ग. बोलायचं नाही, मास्तर करतील ते बघायचं आणि करायचं, ही त्यांच्या गुरूंची शिस्त. पश्चिमोत्तानासनात मास्तरांचं स्वतःचं कपाळ पायाला टेकलेलं असे, त्यामुळे समोरचे काय करतात ते त्यांना कधी दिसलंच नव्हतं. चौतीस सालच्या त्या सकाळी कमरेत उसण भरली, म्हणून आपल्या जुन्या शिष्याला, कल्लप्पाला पुढे बसवून ते ओट्यावर टेकले आणि हे दिसलं.

वाकडा गुडघा त्यांचा स्वतःचा. दहाव्या वर्षी बैलगाडीच्या चाकाखाली सापडलेला, तेव्हापासून पुरता सरळ होतच नसे. पण आपला पाय अधू आहे हे योगाच्या मास्तराने कोणत्या तोंडाने सांगायचं? नाहीच सांगितलं. घ्या, आता भोगा. दिवसभर गिरणीतल्या मागासमोर उभं राहून आखडलेल्या पाठी मोकळ्या व्हाव्यात म्हणून हे आसन; पाय ताठ नसेल तर पाठ ताणणार कशी? अठरा वर्षं मातीत गेली. आठ दिवसांपूर्वी आलेल्या जोतीरामचा गुडघासुद्धा वाकडाच. त्यात कल्लप्पा आजच्याच मोटारीने वैरागला निघालेला. तिथे तो स्वतःचा वर्ग काढणार होता. म्हणजे ही चूक आता गावोगाव जाणार.

मास्तर कमर धरून उठले.

"थांबा."

वर्गात त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. सगळ्यांनी माना वर केल्या.

"माझा पाय लहानपणी गाडीखाली सापडला. तो सरळ होत नाही, म्हणून वाकतो. या आसनात पाय ताठच हवा. तुम्हाला मी चुकीचं शिकवलं. कल्लप्पा, वैरागात हे नेऊ नकोस बाबा."

कुणालाच नवल वाटलेलं दिसेना. जोतीरामने कल्लप्पाकडे बघितलं. कल्लप्पाने पाय पसरले, दोन्ही गुडघे जमिनीला घट्ट टेकवले आणि कपाळ अलगद नडगीवर ठेवलं. मागोमाग सगळे वाकले. एकही गुडघा वर नव्हता.

"घरी असंच करतो की, मास्तर," कल्लप्पा उठून बसत म्हणाला. "तुमचा डावा पाय बघून शिकलो. हितं तेवढा उजवा वाकवतो. तुमच्याम्होरं ताठ करून बसाय बरं वाटत न्हाय. नवा मानूस आला की पयल्या दिवशी त्याला तेवढंच सांगतो आमी."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. लाज वाटली, हसूही आलं. डोळे पुसायला उपरणं सापडेना.

"मग वैरागात ताठच शिकव," ते कसंबसं म्हणाले.

"व्हय, तितं ताठच," कल्लप्पा म्हणाला. "फकस्त तुमी येनार असला तर चार दिस आदी निरोप धाडा. समद्यांना गुडगा वाकवाय शिकवावं लागंल."